सोललेली सीडी

कुंदाचा फोन आला तेव्हा मी एका बारशाच्या फोटोत बाळाच्या गालावरची तीट मोठी करत होतो. बाळाच्या आजीची तशी खास मागणी होती. "सदादादा, नंदूदादा गेला," ती हॉस्पिटलच्या जिन्यातून बोलत होती. आणि मी काही बोलायच्या आत, "आईला कसं सांगू? ती घरी दारापाशी बसलीये. त्याची टकटक ऐकायला." नंदू म्हणजे नंदकुमार, माझा शाळेपासूनचा मित्र. कुंदा त्याची धाकटी बहीण, चांदवडला दिलेली. त्या फोनला आता दीड महिना झाला, आणि मी अजून त्या टकटकीपाशीच अडकलो आहे.

ती टकटक समजायला थोडं मागे जावं लागेल. दोन वर्षांपूर्वी नंद्याच्या घशाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. काकूंची, म्हणजे त्याच्या आईची, नजर त्याआधीच काचबिंदूने गेली होती. नंद्याने लग्न केलं नव्हतं. तेव्हा एकाला बोलता येत नाही आणि दुसरीला वाचता येत नाही, अशी ती दोघं इंदिरानगरच्या दोन खोल्यांत राहत होती. हे असं नाटक कुणी लिहून आणलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं, म्हटलं असतं, बाबा रे, इतकंही रचू नये. पण ते खरं होतं. मग दोघांनी आपली भाषा ठरवली. एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, तीनदा म्हणजे मी आलो. एवढ्या शब्दांत त्यांचा संसार चालला होता.

आणि गेला तो कुणाचा आवाज! आमच्या हौशी नाटकमंडळीत मी राजा होत असे, पण माझं सिंहासन बघायला कुणी येत नसे. लोक यायचे ते पडद्याआडून बोलणाऱ्या नंद्याला ऐकायला. एरवी तो कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला होता आणि घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून त्याच्याशी दिवसभर भांडत असायचा. ऑपरेशननंतर त्याने त्या कॉम्प्युटरला मराठी बोलायला लावलं. नंद्या टाइप करणार, मशीन वाचून दाखवणार. पहिलं वाक्य होतं, "आई, जेवलीस का?" पत्र्याच्या डब्यात मुंगळा अडकावा तसा तो आवाज. काकूंनी हातातली वाटी आपटली. "हा कोण मेला घरात शिरलाय? नंदू, हाकल त्याला!" नंद्या खांदे हलवून हसत सुटला, आवाज न करता. मीही हसलो. मग काकू म्हणाल्या, "मला हा नको. माझ्या पोराचं बोलणं एकदा ऐकव कुणी. मग डोळे मिटायला मोकळी... मिटलेलेच हायत म्हणा."

आम्ही हसायचं थांबलो. कारण त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग कुणाकडेच नव्हतं. ऑपरेशनआधी आम्ही सांगून थकलो, तर म्हणाला, "निरोप समारंभ नको, मी बोलतच परत येईन." मग मला आठवलं. वीस-एक वर्षांपूर्वी एका नाटकासाठी त्याचं निवेदन मी त्याच्याच घरी, खिडक्यांना गोधड्या टांगून रेकॉर्ड केलं होतं आणि त्याची सीडी जाळली, म्हणजे बर्न केली होती. ती माझ्या स्टुडिओच्या माळ्यावर असणार!

होती. आता आमच्या धंद्यातली त्या काळची एक फॅशन सांगतो. लग्नाची सीडी द्यायची तर तिच्यावर नवरा-नवरीचा चकचकीत स्टिकर लावायचाच, शक्यतो बदामात. नंद्याच्या सीडीवरही मी त्याचा फोटो डकवला होता, बदामासकट. वीस वर्षांत त्या स्टिकरला फुगे आले होते, कडा वळल्या होत्या. मला वाटलं, अशी थरथरणारी सीडी ड्राइव्ह वाचणार कसा? नंद्याला देण्याआधी स्वच्छ करू. कोमट पाण्यात भिजवली आणि कडेला नख घालून स्टिकर ओढला. काय सुंदर निघाला! एक चिटोरं मागे राहिलं नाही. मी सीडी उजेडाकडे धरली आणि तिच्यातून मला समोरचा पंखा दिसला.

स्टिकरबरोबर कडेकडचा चंदेरी वर्खही निघून आला होता. सगळं लिहिलेलं असतं ते त्या वर्खापाशी, आणि वर्ख असतो स्टिकरच्या अगदी खाली. हे मला नंद्याने नंतर कागदावर लिहून शिकवलं. आधी त्याने सीडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लिहिलं, "खालून ओरखडे पडले असते तरी चाललं असतं. तू वरून सोललीस. बटाटा आहे का?" त्याखाली लिहिलं, "सुरुवात कुठून केलीस?" मी म्हटलं, "कडेने." त्याने डोळे मिटले. "वाचलास. सीडी मध्यातून बाहेर लिहितात."

मग त्याने काम हाती घेतलं. आधी एक चांगली सीडी घालून बघितली. ती वाचली गेली, म्हणजे ड्राइव्ह ठीक होता. मग माझी घातली. ड्राइव्ह घोगरा होत फिरला आणि स्क्रीनवर वाचता न आल्याच्या ओळीवर ओळी उतरल्या. मी पुन्हा उघडून बघायला माउस धरला तर त्याने हातावर फटका मारला. लिहिलं, "उघडायची नाही. आधी जेवढी येते तेवढी उतरवून घ्यायची." त्याच्याकडे त्यासाठी एक प्रोग्राम होता. सोपं असेल ते आधी उचलायचा, अडलं की हट्ट न करता पुढे जायचा, आणि काय मिळालं, काय राहिलं याची यादी ठेवायचा. मग मागे येऊन राहिलेल्या जागा सावकाश, पुन्हा पुन्हा. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते कधी दुसऱ्याला दिसतं. म्हणून यादी तीच ठेवून ड्राइव्ह बदलायचा, की नवा ड्राइव्ह फक्त राहिलेली भोकं बुजवायला बघतो.

ड्राइव्ह गोळा करणं माझ्याकडे आलं. "जुना सीडी ड्राइव्ह आहे का हो?" असं विचारत मी भंगारवाल्यांपासून इगतपुरीच्या मेहुण्यापर्यंत फिरलो. लोक माझ्याकडे असे बघायचे, जसं काही मी दळायला जातं मागतोय. एकेका ड्राइव्हने थोडं थोडं दिलं. काकू रोज विचारायच्या, "झालं का रे?" नंद्या टेबलावर दोनदा वाजवायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, जेवढं आलंय तेवढं तरी ऐकव तिला!" त्याने मान हलवली. अर्धवट प्रत उघडायची नाही, हा त्याचा नियम होता. नियमच होता, की स्वतःचा आवाज ऐकायची त्याला भीती वाटत होती... मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आजार फुप्फुसात शिरला तेव्हा कुंदाच्या घरचा ड्राइव्ह नुकताच आला होता, जोडायचा राहिला होता. हॉस्पिटलला निघताना नंद्याने माझ्या खिशात चिठ्ठी कोंबली. "कुंदाचा ड्राइव्ह जोड. यादीचं नाव बदलू नकोस, नाहीतर सगळं पहिल्यापासून. सर्वांत कमी वेग. चालू असताना हात लावायचा नाही. तुझा तर नाहीच."

त्या दिवशी फोन ठेवून मी त्यांच्या घरी पोचलो, तेव्हा कुंदाही नुकतीच आली होती. काकूंनी विचारलं, "कधी सोडणारेत त्याला? येतोय ना?" कुंदाने दाराच्या चौकटीवर बोटाने वाजवलं. दोनदा. काकूंनी हात पुढे करून चौकट चाचपली, आणि मला पहिल्यांदा त्यांचं रडणं ऐकू आलं.

तेरावा झाल्यावर मी चिठ्ठी समोर ठेवून नंद्याच्या खुर्चीत बसलो. लिहिलं होतं तसंच केलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. चार तास तो ड्राइव्ह घरघरत होता. शेवटी काही भोकं राहिलीच. निवेदनाची चांगली, अंतिम फाइल बाहेरच्या कडेला होती, ती माझ्या नखाने गेली. राहिली होती मध्यातली, सगळ्यात पहिली. खरं तर कचराच, माइक तपासतानाचा, मी आळसाने न पुसता तसाच सीडीवर उतरवलेला. कुंदाने काकूंना शेजारी आणून बसवलं. मी फाइल लावली.

आधी नुसती खरखर. मग ठक, ठक, ठक. मग नंद्या, तिशीतला, भरदार. "सद्या, माइक सरळ धर. भाजी ढवळतोयस का?" कुंदाने तोंडावर पदर दाबला. ठक, ठक चालूच होतं. आणि मग तो दुसरीकडे तोंड करून ओरडला, "आई! ए आई! थांबव ना ते कुटणं! रेकॉर्डिंग चालू आहे!" ठकठक थांबली. खोलीत शांतता झाली, रेकॉर्डिंगमध्येही आणि बाहेरही. नंद्याने घसा साफ केला, श्वास घेतला... आणि तिथून भोकं सुरू झाली. पुढे काही नाही.

"थांबले रे बाबा," काकू हळूच म्हणाल्या.

मी विचारलं, "परत लावू, काकू?" त्यांनी नको म्हणून मान हलवली. नजर गेली तरी शेंगदाण्याचं कूट त्या स्वतः करायच्या, हाताच्या अंदाजाने, लोखंडी खलबत्त्यात. त्यांच्या घरी जेवलेल्या प्रत्येकाला तो ठेका माहीत आहे. परवा गेलो तर कुंदा मिक्सरवर कूट काढत होती, तेही दार लोटून. खलबत्ता ओट्याच्या कोपऱ्यात होता, बत्ता आत तसाच उभा. त्या दिवसापासून काकूंनी त्याला हात लावलेला नाही. नंद्याने थांब म्हटलंय, आणि रेकॉर्डिंग संपलं असं अजून कुणी त्यांना सांगितलेलं नाही.