रवळूनं दिलेलं तामण

गुंजीच्या रवळूला नुसती साल चाचपायला द्या, झाडाचं नाव सांगायचा. स्टेशनजवळ त्याची रोपांची लहानशी बाग. ‘रवळूकडं न्हाय असं झाड न्हाय’ असं लोक म्हणायचे, आणि लोकांच्याही आधी तो स्वतः.

सात वर्षांमागं मच्छेच्या शालूबाई तामणाचं रोप मागायला आल्या. त्यांच्या माहेरी नदीकाठी तामण होतं, उन्हाळ्यात जांभळ्या फुलांनी लगडायचं. तसंच दारात हवं होतं. आता गंमत बघा, आदल्याच दिवशी रवळूच्या शेळीनं तामणाची सगळी रोपं फस्त केलेली. पण ‘न्हाय’ म्हणायला त्याची जीभ वळेना. कुंपणापलीकडं नाण्याची रोपं होती. नाणा म्हणजे तामणाचा भाऊच, पान बरंचसं तसंच, फूल मात्र बारीक आणि पांढरं. रवळूनं त्यातलंच एक उचलून दिलं. फुलायला सहा-सात वर्षं, तोवर कोण विचारतंय?

परवा शालूबाईंचा फोन आला. “रवळूआण्णा, फुललंय. बघायला ये.”

बसमध्ये गडी घामाघूम. मच्छेला उतरून बघतो तर दारातलं झाड पांढरंशुभ्र, आणि खाली शालूबाई न् शेजारच्या मालुबाई उभ्या.

“मालू म्हणतीया, ह्ये तामण न्हवं,” शालूबाई म्हणाल्या. “म्या म्हटलं, आण्णानं दिलंय म्हंजे तामणच. पांढरी जात आसंल. सांग तिला.”

नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी सुटला असता. पण शालूबाई अशा भरवशानं बघत होत्या, की रवळूला मान वर करवेना.

“आक्का, ह्यो नाणा हाय. तामण शेळीनं खाल्लतं. देतानाच मला ठावं हुतं.”

शालूबाई झाडाकडं बघत राहिल्या. “सात वर्सं पाणी घातलं रं,” एवढंच म्हणाल्या.

“शेळीला तरी तामण कळलं म्हणायचं,” मालुबाई म्हणाल्या. मग थांबून, “आन् माझा फणस? कापा म्हणून दिलतास. आजून धरला न्हाय त्यो.”

“त्यो कापाच हाय, मालूआक्का.”

“आसंल की,” मालुबाई म्हणाल्या, आणि त्यांनी शालूबाईंकडं बघितलं.

फणस खरंच कापा होता, घट्ट गऱ्यांचा. पण तो धरेपर्यंत हे कुणाला पटवून द्यायची सोय रवळूला उरली नव्हती. चहा आला, तो त्यानं उभ्याउभ्याच, खाली बघत संपवला.