कर्णिकबाईंचा पहिला प्रश्न

एचआयव्हीची तपासणी करायला आलेला माणूस एका प्रश्नाची तयारी करून येतो. कोणाकोणाबरोबर होतास? कर्णिकबाई तो आधी विचारतच नसत. दार लावून घ्यायच्या, समोर बसायच्या आणि म्हणायच्या, "पहिल्यांदा नशा केलीस तेव्हा वय काय होतं?"

डोंबिवलीच्या त्या सरकारी केंद्रात बाई समुपदेशक होत्या आणि मी रक्त तपासणारा तंत्रज्ञ. आमच्यामध्ये प्लायवूडची भिंत होती. पलीकडचं मला बरंचसं ऐकू यायचं. पहिल्याच दिवशी बाईंनी बजावलं होतं, "कानावर पडेल ते गिळून टाकायचं. घरी बायकोलासुद्धा नाही."

मंगेश आला तेव्हा त्याची पाच महिन्यांची गरोदर बायको बाहेर बाकावर बसली होती. गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासणीत तिला एचआयव्ही निघाला, म्हणून त्याला बोलावलं; त्यालाही निघाला. कोलशेतच्या कंपनीत नोकरी, कपाळाला गंध, सरळ मुलगा.

"मॅडम, मी सुपारीपण खात नाही."

"आत्ताचं नाही विचारत."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "कॉलेजला ग्रुप होता. आधी खोकल्याच्या बाटल्या, मग पावडर. पण सुई नव्हती हां मॅडम, आईशप्पथ."

"पावडर घेतल्यावर काय व्हायचं?"

"भीतीच जायची. एकाचा फ्लॅट रिकामा असायचा. मुलीपण यायच्या. कोण कोणाबरोबर, काय वापरलं, नाही वापरलं... सकाळी आठवायचं नाही. नंतर सगळं सोडलं मी. विसरूनपण गेलेलो."

तो गेल्यावर बाई माझ्याकडे आल्या. "सुई नव्हती, असं प्रत्येक जण सांगतो. आपणही सगळ्यांना सुईचीच भीती घातली. शुद्ध गेली की जे होतं, ते कोणी सांगितलंच नाही. आणि नशा सुटली म्हणजे सगळं सुटलं, असं ही पोरं समजतात."

मंगेशने ग्रुपमधल्या पाच जणांचे नुसते नंबर दिले होते, नावं नाहीत. त्याचं नाव न घेता बाई एकेकाला तपासणीसाठी बोलावू लागल्या. चौघांशी बोलणं झालं. पाचवा नंबर दाबला आणि बाईंच्या फोनच्या पडद्यावर आपोआप नाव उमटलं : निनाद. बाईंच्या वारलेल्या बहिणीचा मुलगा. बाईंनीच वाढवलेला. तीन आठवड्यांवर त्याचं लग्न होतं.

तो दुसऱ्या दिवशी हसत हसत आला. "मावशी, इथे काय बोलावलंस? पत्रिका वाटायच्यात अजून."

बाईंनी आज नेहमीचा प्रश्न विचारला नाही. "मी तुझी मावशी आहे, म्हणून तुझी तपासणी इथे नको. कल्याणच्या केंद्रात जा. उद्याच."

त्याच्या आवाजातलं हसू गेलं. "कोण काय बोललं?"

"ते सोड. जाशील?"

"लग्नानंतर जातो ना."

"लग्नाआधी."

"तू पल्लवीला सांगणारेस?"

"नाही. तू सांगणार आहेस."

तो निघून गेला. मला राहवलं नाही. "बाई, मुलीच्या घरी कानावर घाला. तिचं आयुष्य आहे."

"या खोलीतलं एकदा बाहेर नेलं, की उद्या इथे खरं बोलायला कोण येईल? आणि सांगू काय? रिपोर्ट कुठेय? नुसता संशय."

तरी त्या ठाण्याला, टेंभी नाक्यावर पल्लवीच्या घरी जाऊन आल्या. लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासून घ्यावं, हल्ली सगळ्यांनीच घ्यावं, एवढंच बोलल्या. मुलीचे वडील भडकले. "आमच्या मुलीवर संशय घेता?" निनाद तिथेच बसला होता. तो खाली बघत राहिला.

बाई लग्नाला गेल्या नाहीत. त्या दिवशी केंद्रात आल्या आणि दिवसभर काम केलं. नातेवाइकांनी त्यांचं नाव टाकलं. न येण्याचं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

सव्वा वर्षाने गरोदर बायकांच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावताना एका चिठ्ठीवर निनादचं आडनाव दिसलं. पुढे पल्लवी. तीन वेगवेगळ्या किटवर तपासणी करायचा नियम आहे. तिन्ही वेळा बाधेची रेघ उमटली. मी कागद बाईंपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "माझ्याऐवजी बसायला दुसरं कोणी नाहीये आज. पाठव तिला."

बाईंनी सगळं नीट समजावलं. औषधं रोज घेतली तर तूही नीट राहशील आणि बाळालाही बहुतेक काही होणार नाही, असं पुन्हा पुन्हा सांगितलं. पल्लवी रडली नाही. भिंतीपलीकडून तिचा एकच प्रश्न ऐकू आला.

"मावशी, तेव्हा तुम्ही घरी आलेलात. तुम्हाला माहीत होतं?"

मी हातातली नळी खाली ठेवली. बाई खोटं बोलतील, असं मनापासून वाटत होतं.

"संशय होता," बाई म्हणाल्या.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पल्लवी पुन्हा त्या खोलीत कधी बसली नाही. औषधं कल्याणहून नेऊ लागली. निनादही तिथल्या औषधांच्या रांगेत तिच्या मागे उभा असतो, असं कळलं. महिन्याभरात बाईंनी नोकरी सोडली.

मूल दीड वर्षाचं झालं तेव्हा त्याचा शेवटचा रिपोर्ट कल्याणच्या माझ्या सहकाऱ्यामुळे मला कळला. मूल निरोगी होतं. मी पहिला फोन बाईंना लावला.

"बाई, पल्लवीच्या बाळाचा रिपोर्ट आला."



"तिला सांगितलाय का?" बाईंनी विचारलं.

"हो, पण तुम्हालाही..."

"तो तिचा रिपोर्ट आहे. मला सांगू नकोस."

त्यांनी फोन मात्र ठेवला नाही. मीही ठेवला नाही.