लिंबांच्या ब्रेकवर उभी खुर्ची

बॅटरीवर चालणारी चाकांची खुर्ची घरात आली तेव्हा मला वाटलं, आता मी मोकळी झाले. पण खुर्ची आधी आमच्या ह्यांच्या ताब्यात गेली. हे गृहस्थ चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला होते. उभी नोकरी दुसऱ्यांची मशिनं बंद पडू नयेत या काळजीत काढली आणि रिटायर झाल्यावर त्यांच्या वाट्याला घरातला मिक्सर तेवढा उरला. तोही नीट चालायचा, त्यामुळे बिचारे उदास असायचे. खुर्ची आली आणि माणसाला पुन्हा नोकरी लागली.

कंपनीत शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सुरक्षेच्या सूचना देतात, तशा ते मला रोज सकाळी द्यायला लागले. मी चहा पीत बसलेली आणि हे समोर ताठ उभे. "पट्टा लावल्याशिवाय जॉयस्टिकला हात नाही. बसताना-उठताना स्विच बंद. स्पीड ब्रेकर तिरका घ्यायचा नाही, सरळ घ्यायचा. खाली पडलेलं काही उचलायला पुढं वाकायचं नाही, खुर्ची तोंडावर येते. आणि इलेक्ट्रॉनिकला पाणी वर्ज्य!" पाण्याचं तर त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की घरी येणाऱ्या प्रत्येकाला, फोनवरून चौकशी करणाऱ्यालासुद्धा, ते आधी तेवढं सांगून टाकत. एकदा चहाचा एक थेंब जॉयस्टिकवर पडला तर दोन दिवस मला सिपरमधून चहा मिळाला.

पुढच्या छोट्या चाकांत केस गुंततात, ते काढायचं कामही त्यांचं. चिमटा घेऊन जमिनीवर बसायचे आणि एकेक केस उजेडात धरून म्हणायचे, "हे सगळे तुझेच आहेत." मी म्हणायची, "दुसऱ्या कुणाचे सापडले तर सांगा, मग बघते तुमच्याकडे."

सगळ्यात जास्त धाक मात्र लाल दांड्यांचा. मागच्या चाकांजवळ अशा दोन दांड्या असतात. त्या वर केल्या की चाकं मोटरपासून सुटतात आणि ही एवढी जड खुर्चीसुद्धा हाताने ढकलता येते. पण मग ब्रेकही लागत नाही. "दांड्या वर असताना हिच्यावर बसलीस तर संपलंच," असं हे दर सकाळी सांगत. मी ऐकून घेई. माझी स्वतःची एक सवय त्यांच्या सगळ्या सूचनांहून जुनी आहे. लहानपणी पोलिओ झाला, पुढं कितीतरी वर्षं कुबड्या वापरल्या, तेव्हापासून ज्यावर भार टाकायचा त्याला मी आधी हाताने एक धक्का देऊन बघते. हललं तर विश्वास ठेवत नाही. लग्नाच्या वेळी नवऱ्याला धक्का देऊन बघता आलं नाही, तेवढं राहिलं.

मला ही खुर्ची हवी होती ती आक्कासाठी. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं माहेर पुनावळ्याचं, तिचं सासरही पुनावळ्याच्याच गावठाणात, आणि मी राहते ती सोसायटी आमच्याच जुन्या वावरात उभी राहिलेली. म्हणजे अंतर काही फार नाही. दसऱ्याला धाकट्याने थोरल्याच्या घरी जाऊन सोनं द्यायचं, पाया पडायचं, अशी आमच्याकडे रीत. पण आमच्या दोघींत ती कायम उलटी चालली. "तू बस, मीच येते," असं म्हणत आक्काच दरवर्षी आपट्याची पानं घेऊन माझ्या दारात यायची. मी पाया पडायला वाकायला गेले की तोल जायचा, मग तीच माझे हात धरून म्हणायची, "ऱ्हाऊ दे." मी तिच्याकडे कधी गेलेच नाही असं नाही. लग्नाकार्याला गेले, पण चार जणांनी पोत्यासारखं उचलून आत नेऊन ठेवलं तेव्हा. त्याला मी जाणं म्हणत नाही.

गेल्या दसऱ्याला लिफ्ट बंद होती, तर ती जिन्याच्या कठड्याला धरून धापा टाकत आली आणि गुडघे चोळत म्हणाली, "पुढल्या वर्साला काय जमायचं न्हाई बाई मला." तिने ते सहज म्हटलं, पण मला ते फार लागलं. त्याच दिवशी मी ठरवलं, पुढच्या दसऱ्याला मी जाणार. स्वतः जाणार, तिच्या दारापर्यंत.

तो दसरा उजाडला. आमच्या पार्किंगमध्ये त्या दिवशी गाड्यांची रांग लागते. धुतलेल्या, हार घातलेल्या, चाकांखाली लिंबं ठेवलेल्या. ह्यांनी खुर्ची त्याच रांगेत लावायची ठरवलं. मी म्हटलं, "अहो, ती खुर्ची आहे." ते म्हणाले, "मोटर आहे, बॅटरी आहे, हॉर्न आहे. मग पूजा नको?" मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि माझ्या खुर्चीची पूजा सुरू झाली.

झेंडूचा हार घातला. पाठीवर स्वस्तिक काढलं. मागच्या चाकांपुढे एकेक लिंबू ठेवलं. जॉयस्टिकला ओल्या बोटाने हळद-कुंकू लावलं. आणि मग ज्या माणसाने मला चहाच्या एका थेंबासाठी सिपर दिला, त्याच माणसाने फरशीवर नारळ फोडला आणि त्यातलं पाणी खुर्चीवर सगळीकडून शिंपडलं. मी ओरडले, "अहो, इलेक्ट्रॉनिक!" ते डोळे मिटून म्हणाले, "हे देवाचं पाणी आहे." देवाच्या पाण्याने सर्किट जळत नाही, हे कंपनीतल्या कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

"आता बस आणि लिंबं चिरड," ते म्हणाले. मी बाजूला सरकले आणि बसायच्या आधी सवयीने हाताने एक धक्का दिला.

लिंबं दोन्ही बाजूंना टणाटण उडाली आणि खुर्ची निघाली. आमच्या पार्किंगला गेटकडे थोडा उतार आहे. हार घातलेली, उदबत्ती खोचलेली, रिकामी खुर्ची त्या उतारावरून अगदी संथपणे जाऊ लागली. हे मागून धावत सुटले आणि गळा काढून ओरडले, "अगं ब्रेक! ब्रेक दाब! जॉयस्टिक सोड!"

मी म्हटलं, "मी इथं आहे!"

त्यांना ऐकू गेलं नाही. ते खुर्चीलाच विनवत धावत होते. गेटवरच्या वॉचमनने खुर्ची येताना पाहिली, उठून उभा राहिला, आणि अदबीने गेट उघडलं. खुर्ची बाहेर गेली, रस्त्याच्या कडेला बांधकामाच्या वाळूचा ढीग होता त्यात चाकं रुतवून थांबली. वॉचमनला नंतर विचारलं तर म्हणाला, "हार घातलेली गाडी आज कशी अडवायची, म्याडम?"

खुर्ची वर आणली. मी स्विच लावला तर पॅनेलवरचे दिवे लुकलुकले आणि खुर्ची जागची हलेना. ह्यांचा चेहरा पडला. "नारळाचं पाणी आत गेलं," असं म्हणून त्यांनी डोक्याला हात लावला. कोरडं फडकं आणलं, ब्रश आणला, जॉयस्टिकची रबरी टोपी उलटून पाहिली. आत थेंबही नव्हता. हे सगळं चाललेलं असताना मला मात्र रडू कोसळायच्या बेतात होतं. पदरात आपट्याची पानं बांधलेली होती आणि वर्षभर ज्याची वाट पाहिली तो दिवस पार्किंगमध्येच संपणार असं दिसत होतं. अशा वेळी मला रडण्याआधी राग येतो. मी म्हटलं, "जी गोष्ट धक्का दिल्यावर हलते आणि मोटरने हलत नाही, तिच्या दांड्या कुठं आहेत ते आधी बघा!"

दोन्ही लाल दांड्या वर होत्या. गाड्यांपुढची रांगोळी मोटरच्या झटक्यात पुसली जाऊ नये म्हणून ह्यांनीच खुर्ची हाताने ढकलत आणली होती. इतका वेळ ती दोन लिंबांच्या ब्रेकवर उभी होती. त्यांनी दांड्या खाली केल्या. स्विच बंद करून परत लावला. दिवे शांत झाले, ब्रेक लागला. मी धक्का दिला, हलली नाही. मग बसले, पट्टा लावला आणि म्हटलं, "मी निघाले."

"आज राहू दे. एवढं सगळं झालंय."

"तुमच्यामुळे झालंय. माझी काय चूक?"

शेवटी ते स्कूटरवर माझ्या मागून येणार, एवढ्यावर तडजोड झाली. सर्व्हिस रोडला मी कडेकडेने चालले होते आणि हे मागून इंडिकेटर लावून, मंत्र्याच्या ताफ्यासारखे. एका बाइकवाल्याने जवळ येऊन विचारलं, "मावशी, बंद पडली का? पाय लावून ढकलू?" मी म्हटलं, "चालू आहे रे बाबा, हिचा वेगच एवढा." पुढच्या चौकात गाड्या तुंबल्या होत्या. तिथं एकाने ह्यांना विचारलं, "काका, एका चार्जिंगला किती जाते हो?"

बस. एवढं विचारायचाच अवकाश होता. ह्यांनी स्कूटर स्टँडला लावली आणि बॅटरीपासून सुरुवात केली. भोवती चार जण जमले. मी एकदा मागे वळून पाहिलं, स्पीड ब्रेकर सरळ घेतला आणि पुढे निघाले. आयुष्यात पहिल्यांदा मी रस्त्यावर एकटी होते. जॉयस्टिक घट्ट धरून ठेवली होती आणि गाणं म्हणावंसंही वाटत होतं. मी म्हटलंही थोडं.

आक्काच्या दारापुढे ओटा आहे आणि ओट्याला उंच पायऱ्या आहेत. आत जाता येणार नाही हे मला माहीत होतं. मी खुर्ची ओट्याला लागून आडवी उभी केली, स्विच बंद केला आणि हॉर्न वाजवला.

"कोन हाय रं? दारात गाडी लावू नका!" आतून आवाज आला. मी आणखी एकदा वाजवला. आक्का तणतणत बाहेर आली आणि मला बघून तिथंच थांबली. माझ्याकडे बघितलं, हाराकडे बघितलं, चाकांना लागलेल्या वाळूकडे बघितलं. मग तिने खांबाला धरलं आणि दुखरा गुडघा पहिल्या पायरीकडे टाकायला लागली. "तू बस, मीच येते खाली."

"तू तिथंच थांब," मी म्हटलं. "आज मी आलेय."

ती थांबली. मी पदराची गाठ सोडून तिच्या हातात पानं दिली. "सोनं घे, आक्का." आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती ओट्याच्या कडेला उभी होती आणि तिचे पाय माझ्या हाताशी होते. वाकावं लागणार नव्हतं, तोल जाणार नव्हता. मी हात लांब केला आणि तिच्या पायांवर ठेवला. या वेळी ती "ऱ्हाऊ दे" म्हणाली नाही. तिचा हात माझ्या डोक्यावर आला आणि मला रडू फुटलं, चांगलं मोठ्याने.

आक्काने पदराने स्वतःचे डोळे पुसले, मग तोच पदर घाईघाईने खाली करून जॉयस्टिकवर धरला.

"रडू नगं," ती म्हणाली. "खुर्चीला पानी चालत न्हाई."