कडीला टांगलेला फ्रॉक

खून, दरोडे, रस्त्यावरचे अपघात, सगळं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलं आहे. निवृत्तीनंतर तसं व्हायचंच. पण दिवाळीच्या आधी बाजारात लहान मुलांचे कपडे दोरीला टांगलेले दिसले, की एक घटना मात्र काल घडल्यासारखी आठवते. कागदोपत्री ती अगदीच किरकोळ होती. काही चोरीला गेलं नाही, कुणाला साधं खरचटलंही नाही. कुणीतरी गरीब पोरांना दिवाळीचे कपडे दिले, एवढीच तक्रार. तरीही सगळ्या नोकरीत माझ्या अंगावर खरा काटा आला तो याच प्रकरणात.

जामखेडच्या पूर्वेकडचा कोरडा भाग तेव्हा माझ्या ठाण्याच्या हद्दीत होता. तिथे एका पाझर तलावाच्या खाली ऊसतोड कामगारांची छोटी वस्ती आहे. दसरा झाला की धडधाकट माणसं कारखान्यांवर जातात आणि मागे राहतात म्हातारे आणि पोरं. दिवाळीत तिथे गेलात तर दारं असतात, चुली असतात, शेरडं असतात, पण मधल्या वयाचं माणूस औषधालाही सापडत नाही. मला ती वस्ती त्या दिवसांत कधीच आवडली नाही.

एका सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना माझा एक खबऱ्या मागच्या चहाच्या टपरीवर येऊन बसला. हा शेरडांचा व्यापारी, सगळ्या वाड्या-वस्त्या फिरणारा.

"साहेब, तळ्याखालच्या वस्तीवर लई येगळंच चाललंय. दिवेलागनीला दाराच्या कडीला पोरांचे नवे कपडे टांगलेले घावत्यात. कोन टांगतंय, कुनी बघितलं न्हाई."

"मग घालावेत की. फुकट ते पौष्टिक," मी म्हणालो.

तो हसला नाही. "घालत न्हाईत साहेब, चुलीत घालत्यात. अन कारखान्यावरची चार गडी फोन करून बोलावल्यात. आज सांजच्याला येत्याल. टांगनारा घावला की तिथंच तोडायचा, आसं ठरलंय."

मी चहा तसाच ठेवला. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाईलवर फिरत होत्या. अशा अफवेत सापडलेल्या माणसाला आधी मारतात आणि नाव नंतर विचारतात, हे प्रत्येक पोलिसाला ठाऊक असतं. ऊस तोडणाऱ्याच्या हातात कोयता असतो, हेही लक्षात घ्यायला हवं होतं. स्टेशन डायरीला नोंद केली आणि बीट अंमलदार व एक महिला शिपाई यांना साध्या वेशात बरोबर घेऊन निघालो.

दुपार कलायच्या सुमारास पोचलो. उन्हाचीच वेळ, तरी एकूणएक दार बंद. फटीतून पोरांचे डोळे दिसत होते. वस्तीवरच राहणारे पोलीस पाटील पुढे आले. साठीला टेकलेला माणूस. जाळायचा राहिलेला एक सदरा त्यांनी काठीच्या टोकावर धरून मला दाखवला. हात लावायला तयार नव्हते.

मी तो हातात घेतला. कटपीसच्या कापडाचा, घरगुती मशीनवर शिवलेला, शिलाई नेटकी. कॉलरच्या आतल्या बाजूला काजळाचा एक ठिपका होता. एका पोराला बोलावून अंगात घातला, तर मापून शिवल्यासारखा बसला. पोरगं खूश झालं. त्याच्या आजीने झडप घालून तो काढून फेकला.

"आमच्या पोरांची मापं त्याला कोन देतंय साहेब?" ती म्हणाली. "येकाचा बी कपडा तोकडा न्हाई, ढगळ न्हाई. रातीचं येऊन पोरांच्या अंगावरनं हात फिरवतंय का काय?"

मग पाटलांनी वस्तीच्या टोकाच्या घराकडे बोट केलं. तिथे एक म्हातारी एकटीच राहायची. मुलगा-सून कारखान्यावर असत आणि नात तिच्याजवळ असायची. ती नात दोन दिवाळ्यांपूर्वी तापाने गेली. सगळ्यात पहिला कपडा टांगलेला सापडला तो त्या म्हातारीच्या कडीला, आणि तो फ्रॉक होता.

"केवढा?" मी विचारलं.

पाटलांनी हाताने उंची दाखवली. "जाताना पोरगी येवढीशी हुती. फ्रॉक तेवढा न्हाई. आज आसती तर जेवढी झाली आसती, तेवढा हाय."

मी देवभोळा नाही. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची ठाण्यात टर उडवणारा माणूस मी. पण त्या बंद दारांच्या मधे उभं राहून ते ऐकताना मानेवरचे केस उभे राहिले, हे कबूल केलं पाहिजे.

जीपमध्ये बसून विचार केला. ज्याला पोरांची मापं माहीत आहेत, तो परका नाही. ज्याला ती मुलगी गेल्याचं माहीत नाही, तो आज इथे राहणारा नाही. म्हणजे इथलंच, पण इथून गेलेलं कुणीतरी. मी पाटलांना जीपमध्ये बोलावलं आणि एवढंच बोललो, "वस्तीतून कोण निघून गेलंय?" त्यांचा चेहरा उतरला. घाबरलेल्या माणसाला दुसरा प्रश्न विचारायचा नसतो, शेजारी गप्प बसायचं असतं.

"निघून गेली न्हाई, मेली," शेवटी ते म्हणाले. "तीच येतीया. काजळाचा ठिपका तिचाच हाय."

मग एकेक बाहेर आलं. वस्तीत एक विधवा बाई होती. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा ऊस वाहताना ट्रॉलीखाली गेला, तेव्हापासून ती तोडीला जात नसे. मागे राहिलेली पोरं दिवसभर तिच्याकडे असत. सगळी तिला मावशी म्हणत. रोज सकाळी ओळीने बसवून ती सगळ्यांना तीट लावायची. दृष्ट लागू नये म्हणून काजळाचं बोट, घराघरात लावतात तसं. टोकाच्या घरातली मुलगी तापाने फणफणली आणि उतार पडेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं की वांझेची तीट लागली. मुलीच्या आजीनेच पहिला दगड उचलला. सांजेला बाईला वस्तीबाहेर हाकललं. सकाळी तिच्या चपला तळ्याच्या कडेला सापडल्या. तळं तेव्हा भरलेलं होतं.

"ठाण्याला का नाही कळवलं?"

"कसं कळवायचं साहेब? घालवली आमीच हुती."

मेलेली माणसं कटपीस विकत घेत नाहीत, एवढं मला कळत होतं. पण वस्तीला ते कोण सांगणार? त्यांनी तिला मनात बुडवून टाकलं होतं आणि आता ती बाहेर येत होती.

बीट अंमलदाराने वस्तीकडे वळणाऱ्या फाट्यावर जीप आडवी लावली. कारखान्यावरून येणारा टेम्पो तिथेच अडवायचा, एवढंच त्याला सांगितलं. मी आणि महिला शिपाई टोकाच्या घरामागे तुरीच्या रानाच्या कडेला बसलो. तूर माणसापेक्षा उंच झाली होती. दिवस बुडाला. दिवाळीचा सण आला होता तरी एका उंबऱ्यावर पणती नव्हती. वारा अजिबात नव्हता, आणि तरी समोरची तूर हलायला लागली. शिपाई बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

तुरीतून एक बाई बाहेर आली. डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी, पाय अनवाणी. ती कुठेही न अडखळता टोकाच्या घरापाशी गेली, कडीला हात लावून पाहिला आणि दाराला कान लावून उभी राहिली. किती वेळ उभी होती सांगता येणार नाही, मला तो फार लांब वाटला. आत काय ऐकत होती तेही कळेना. शेवटी मीच पुढे होऊन म्हणालो, "मावशी, पोलीस आहोत. भिऊ नका."

ती पळाली नाही. "साहेब, नुस्ते कपडेच हायेत," म्हणाली आणि पिशवी उघडून दाखवली.

जीप फाट्यावर होती, म्हणून बांधावरच बसवून विचारपूस केली. ती मिरजगावला एका कापडाच्या दुकानासाठी शिलाई करत होती. उरलेले कटपीस मालक तिला देई. दुपारच्या एसटीने यायचं, फाट्यावर उतरायचं आणि तुरीतून चालत यायचं. उजेडी यायची हिंमत नव्हती. चपला त्या दिवशी तळ्याच्या गाळात रुतल्या, तशाच सोडून ती पळाली होती.

"मापं कशी कळली?"

"आंगाखांद्यावर वाढवल्यात की. हितनं गेल्यावर बी मनात रोज वाढवत हुते," ती म्हणाली. "येकच इचारते साहेब. ह्या घरातली लई बडबडी हुती. येते तवा कान लावते, पर आवाज येत न्हाई. आजी आता तिला बोलू देत न्हाई का?"

वाईट बातमी सांगणं हा पोलिसाच्या कामाचाच भाग आहे. बायकांना नवऱ्याची, बापांना पोरांची, मी पुष्कळांना सांगितली आहे. तिलाही सांगितलं. ती वस्ती सोडून गेली त्याच आठवड्यात मुलगी वारली, हे सांगितलं.

ती रडली नाही. पिशवीचे बंद घट्ट बांधत राहिली. मग म्हणाली, "मी गेले की पोरगी बरी हुईल, आसं वाटलं हुतं. म्हनून तर गुमान गेले."

तेवढ्यात फाट्यावर टेम्पो आल्याचा बीट अंमलदाराचा फोन आला. तिला गुपचूप मिरजगावला सोडणं सोपं होतं. पण अफवा तशीच उरली असती, आणि पुढच्या खेपेला मी तिथे असेनच असं नव्हतं. तिला विचारलं. ती तयार झाली. मग त्या चार गड्यांचे कोयते जीपमध्ये ठेवून घेतले, त्यांना वस्तीवर आणलं, जीपचे दिवे लावले आणि बाईला उजेडात उभं केलं.

पाटील हात जोडून खाली बघत उभे राहिले. एकेक दार किलकिलं झालं. सगळ्यांत शेवटी टोकाच्या घरातली म्हातारी आली. तिच्या काखेत तो फ्रॉक होता. वस्तीत कपडा जपून ठेवणारी ती एकटीच होती. ती आधी वाकली आणि बाईची पावलं नीट न्याहाळली. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. हाताने चाचपूनही पाहिली. तरी तिची खात्री पटली नसावी, किंवा तिला ती पटवून घ्यायचीच नसावी.

"तिकडं तुला दिसली का गं ती?" तिने हळूच विचारलं.

मी मधे पडणार होतो. "आजी, ही जिवंत आहे, तिकडे गेलीच नव्हती," हे शब्द ओठावर होते. शाळाशाळांतून जादूटोणा कायद्यावर भाषणं देणारा माणूस मी. पण बाईने आधीच उत्तर दिलं होतं.

"दिसती की आत्या. बरी हाय. ह्योच फ्रॉक बसतो तिला."

म्हातारीने फ्रॉक उलगडून उंची बघितली. "मंग पुढल्या साली जरा मोठा शिव," म्हणाली.

गड्यांना समज दिली, प्रतिबंधक कारवाईचे कागद केले. बाईने तक्रार द्यायला साफ नकार दिला. तिचा जबाब मी स्वतः लिहून घेतला, पण म्हातारीला दिलेलं ते उत्तर त्यात घातलं नाही. नोकरीत खोटं बोलणाऱ्यांचा मला कायम राग आला. खोटं ऐकलं की पकडायचं, एवढंच शिकलो होतो. त्या वस्तीवर कळलं की काही खोटं पकडायला जाऊ नये, कारण तेवढंच एखाद्याला देता येण्यासारखं असतं.

आता ती बाई दिवाळीला भर दुपारी वस्तीवर जाते, पोरं फाट्यापर्यंत तिला आणायला येतात. हे मला तेव्हाचा बीट अंमलदार सांगतो. म्हातारी अजून आहे. यंदा तिने मिरजगावला निरोप धाडला म्हणे, की पोरगी आता मोठी झाली, फ्रॉक बरा दिसत नाही, पंजाबी ड्रेस शिव.