मंजूर न म्हणणारे मामा

आमच्या सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात शब्दन् शब्द वाचणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे, हे मी पैजेवर सांगतो! आणि तो अहवालही ते शेवटच्या पानापासून वाचतात. पुढच्या पानांवर अध्यक्षांचा हसरा फोटो, मनोगत आणि लाभांश. मामा म्हणतात, "गाडी रंगावरनं बघत न्हाईत, जावई. खाली शिरायचं. तेल कुठनं गळतंय ते खालनंच दिसतंय." एसटीच्या वर्कशॉपात बसखाली उताणं पडून जन्म काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! भिंग घेऊन ते बारीक अक्षरांतल्या टिपांमध्ये शिरतात आणि गळती सापडेल तिथं खूण म्हणून एसटीचं जुनं तिकीट घालतात. यंदा अहवालातून इतकी तिकिटं डोकावत होती, की मामी म्हणाल्या, "ह्येवढ्यात समदी गल्ली हातकणंगल्याला जाऊन यील."

बँकेच्या सभेत विषय वाचून व्हायच्या आत "मंजूर! मंजूर!" अशी गर्जना होते, कारण खाऊचे पुडे दाराशी रचलेले असतात आणि ते सभा संपल्यावरच मिळतात. त्या गर्जनेत मामा एकटे उभे राहून "थांबा!" म्हणतात. चालू इंजिनवरून बोलायची सवय असल्यामुळं त्यांना माईक लागत नाही. यंदा ते कडाडले, "निम्मी कर्जं साखर कारखान्यास्नी दिल्यात. साखर पडली की आपण पडलो! त्यात एका कारखान्यानं तारण दिलेल्या जमिनीवर दुसऱ्या बँकेनं कोर्टात हक्क सांगितलाय. निकाल उलटा गेला तर भरणार कुठनं? शेवटची टीप मोठ्यांदा वाचा की!" अध्यक्ष पाणी प्यायले आणि "तरतूद केली आहे" म्हणाले. "किती?" असं मामांनी विचारेपर्यंत कुणीतरी "मंजूर!" ओरडलं आणि पुडे वाटायला सुरुवात झाली. पण त्या पुड्यांबरोबर मामांचा प्रश्नही घरोघर पोचला.

सोमवारी सकाळी मी चेकबुक आणायला गेलो, तर बँक उघडायच्या आधीच मामा दारात उभे. समोरच्या पानपट्टीवाल्यानं त्यांना पाहिलं. "मामाच आलाय पैसे काढायला!" एवढं एक वाक्य पुरलं. अर्ध्या तासात रांग कोपरा ओलांडून गेली. एक जण फोनवर आजऱ्याच्या मेव्हण्याला ओरडून सांगत होता, "तिकडल्या शाखेत पळ! आत्ता पळ!" शाखाधिकारी बाईंना घाम फुटला. "मामा, तुम्हीच काहीतरी सांगा हो," त्या हात जोडून म्हणाल्या. मामांनी मागं वळून रांगेकडं पाहिलं. मग पायरीवर चढले.

"पावणं, ऐका! माझी रिटायरची सगळी ठेव हितंच हाय. आज तिची मुदत संपली, आणि मी ती परत तीन वर्सं ठेवतोय. तुमच्या म्होरं सही करतो, या बघायला! इंजिन गरम झालंय म्हणून रेडिएटरचं झाकण उघडू नगा. समद्यांनी एकदम काढलं तर कुठलीबी बँक आडवी हुईल!" आणि त्यांनी खरोखर सर्वांसमोर सही केली. रांग हळूहळू विरली, आणि मी भर बँकेत टाळ्या वाजवल्या.

चहाच्या गाड्यावर मी म्हणालो, "मामा, बँक वाचवलीत की!" मामा चहाकडं बघत म्हणाले, "काढायलाच गेलतो, जावई. तुमच्या मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन हाय न्हवं? म्हटलं, कोर्टाचा निकाल लागायच्या आत करून घ्यावं. पण रांगेत माझ्या मागं आमच्या गल्लीतल्या शाळेची शिपाईबाई हुती. तिचं काय गेलं असतं, तर माझ्या त्वांडामुळं. आता मधीच ठेव मोडायला गेलो तर रांग पुन्यांदा माझ्यामागं. मामीला यातलं काय बोलू नगा." मी शब्द पाळला.

त्याला वर्ष झालं. खटल्याला तारखांवर तारखा पडताहेत आणि बँक चालू आहे. संध्याकाळी मामा मामींना फिरायला नेतात, तेव्हा जिना उतरताना स्वतः एक पायरी खाली राहून, तोंड मामींकडं करून, दोन्ही हात पुढं धरून उलटे उतरतात. परवा मामा चपला शोधत होते, तेव्हा मी मामींना हळूच विचारलं, "गुडघा कसा आहे?"

"दोनच वर्सं ऱ्हायली की आता," मामी म्हणाल्या. "त्यास्नी बोलू नगा, मला म्हाईत हाय म्हणून."