पत्र क्रमांक सदतीस

रुपराव ढोके आमच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे, मी मराठी. स्टाफरूममध्ये त्यांच्या डब्याशेजारी एक वही उघडी असे आणि तिच्यात खिळे विखुरल्यासारखी अक्षरं. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "अक्कादी आहे. चार हजार वर्षांपूर्वी इराकात बोलत होते. हिब्रू-अरबीच्याच घराण्यातली, सेमिटिक." एवढं बोलून त्यांनी पोळी मोडली.

ते नरखेड तालुक्यातले, घरची संत्र्याची बाग. बी.ए.साठी नागपुरात आले तेव्हा शेजारच्या खोलीत एक म्हातारे पाद्री राहत. त्यांच्याकडून हिब्रू शिकले आणि तिथून मागे मागे जात अक्कादीपर्यंत पोचले. शिष्यवृत्तीवर जर्मनीत एक वर्ष काढलं. दुसऱ्या वर्षाचं पत्रही हातात होतं, पण वडिलांना अर्धांगवायू झाला. परतले ते परतलेच. नागपुरात हा विषय शिकवायची नोकरी कुठून मिळणार? बत्तीस वर्षं त्यांनी फ्रेंच राज्यक्रांती शिकवली आणि रोज सकाळी कॉलेजच्या आधी अडीच तास आपलं काम केलं. मातीच्या पाट्यांवरची एकशे बारा घरगुती पत्रं थेट अक्कादीतून मराठीत आणायची, हे ते काम. या सगळ्यात विद्यार्थिनी एकच टिकली, मिनल. ती आता जर्मनीतल्या एका संग्रहालयात पाट्यांचे फोटो काढते.

निवृत्तीनंतर काचबिंदूनं त्यांचा डावा डोळा गेला. मग त्यांच्या पत्नी गोपिकाबाई पाट्यांवरचा मजकूर मोठ्या अक्षरात उतरवून देऊ लागल्या. "मले अर्थ नाही समजत," त्या म्हणत, "पण इकडची रेघ तिकडं गेली तं दिसते."

गेल्या मार्चमध्ये पुस्तकाची प्रुफं आली. सदतिसावं पत्र रुपरावांचं लाडकं. परगावी एकटी राहणारी एक बाई भावाला लिहिते आहे. त्यात एका शब्दाची तीन चिन्हं. पहिली दोन फुटलेली, तिसरं स्पष्ट. रुपरावांनी वीस वर्षांपूर्वी तो शब्द 'अन्खाकु' असा लावला होता. म्हणजे, 'मी थकले आहे'. पुस्तकाची चाळीस पानी प्रस्तावना याच शब्दावर उभी होती.

प्रुफं तपासून होत आली आणि मिनलचा फोन आला. मी त्यांच्या घरीच बसलो होतो, फोन स्पीकरवर होता.

"सर, सदतीसचा नवा फोटो काढला. चारी बाजूंनी उजेड टाकून. तुम्ही एकदा पाहून घ्या."

"तू सांग ना वं, काय दिसते?"

"अनाकु आहे, सर."

अनाकु म्हणजे नुसतं 'मी'. मी इथेच राहते, एवढंच त्या बाईनं भावाला कळवलं होतं.

रुपरावांनी गोपिकाबाईंना काहीच सांगितलं नाही. फोटो पडद्यावर मोठा करून दिला आणि दिसतं तसं उतरवायला सांगितलं. त्यांनी सावकाश रेघा काढल्या. कागद उजव्या डोळ्याजवळ नेऊन रुपरावांनी बराच वेळ पाहिला. मिनलचं बरोबर होतं. चहा तसाच राहिला.

दोन दिवसांनी मी त्यांच्याबरोबर सीताबर्डीला प्रकाशकाकडे गेलो. मेट्रोतून उतरल्यावर जिन्याच्या तोंडाशी ते पाच मिनिटं कठड्याला धरून उभे राहिले. मार्तंडराव प्रकाशक जुने ओळखीचे. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "सर, कोन पाहून राहिलं? एक तळटीप टाका अन् जाऊ द्या. प्रस्तावना चांगली जमली आहे."

"जमली आहे, म्हणूनच त्रास आहे," रुपराव म्हणाले. "तिनं म्हटलंच नाही ते मी तिच्या तोंडात घातलं गा."

"मग नवी लिहा. थांबतो मी."

"आता नवी नाही होत माझ्याच्यानं."

मार्तंडरावांनी माझ्याकडे पाहिलं. रुपरावांनी गठ्ठ्यातली वरची चाळीस पानं काढून पिशवीत टाकली, सदतिसाव्या पत्रातली ओळ दुरुस्त केली आणि खाली सही केली. पुढचे आठ दिवस ते बहुतेक झोपूनच होते. ताप नव्हता, दुखत काही नव्हतं. गोपिकाबाईंनी फोनवर विचारलं, "भाऊजी, हे काहून असं करून राहिले?" मी म्हटलं, राहू द्या थोडे दिवस.

पुस्तक दिवाळीच्या आठवड्यात आलं, प्रस्तावनेशिवाय. प्रकाशन समारंभ नाही, कुठे परीक्षण नाही. डिसेंबरात काटोलहून एका निवृत्त एसटी कंडक्टरचं पोस्टकार्ड आलं. त्यांनी रोज एक याप्रमाणे सगळी पत्रं बायकोला वाचून दाखवली होती. बायकोचा एक प्रश्न होता: त्या एकट्या राहणाऱ्या बाईला भावानं उत्तर पाठवलं का?

मी गेलो तेव्हा रुपराव खिडकीपाशी बसून त्या पोस्टकार्डालाच उत्तर लिहीत होते, एका ओळीवर दुसरी चढत होती. गोपिकाबाई म्हणाल्या, "द्या इकडं, मी लिहितो." रुपरावांनी दिलं नाही.

"भावाचं पत्र अजून सापडलेलं नाही," असं त्यांनी लिहिलं होतं. त्याखाली थोड्या वेळानं लिहिलं, "पाट्या अजून पुष्कळ वाचायच्या राहिल्या आहेत."