धक्क्यावरचा फाइंडर आणि नरसय्यामामा

टॉवेलच्या कारखान्यात काम केलं की अंगावर पिंज बसते. कितीही झटका, कुठंतरी राहतेच. आमचे धक्क्यावरचे किस्से तसेच साठलेत. आम्ही तिघं: मी, इराण्णा आणि आमचे जुने विणकर नरसय्यामामा. सगळे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले. सुट्टीच्या दिवशी तलावाच्या धक्क्यावर गळ टाकून बसतो. इराण्णाच्या डोक्यात भरलं की फिश फाइंडर घ्यायचा, म्हणजे पाण्यातला मासा स्क्रीनवर दिसेल. तिथून सगळं सुरू झालं!

*

दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, होडी किती फुटांची?

इराण्णा म्हणाला, "होडी न्हाय, धक्का हाय."

"मग धक्का किती फुटांचा?"

आम्ही सगळ्यात मोठ्या स्क्रीनचा पीस ट्रायलला उचलला. तो होडीला लावायचा असतो हे दुकानदार सांगत होता, पण ऐकतो कोण!

*

काठीला बांधून तो धक्क्यावरून पाण्यात सोडला. स्क्रीनवर भलं मोठं काहीतरी! दिवसभर जागचं हललं नाही. आम्ही कणीक लावली, गांडूळ लावलं, इराण्णाने डब्यातली शेंगाचटणीसुद्धा कालवून बघितली.

संध्याकाळी मामा म्हणाले, "त्यो खांब हाय. धक्का बांदताना मी बघितलाय त्याला."

*

मामांचं सांगायलाच हवं. आधी हातमाग, मग आयुष्यभर पॉवरलूम. चालू मागावर बोट ठेवून कुठलं सूत तुटणार ते सांगतात. तेच बोट गळाच्या दोरीवर ठेवलं की खाली चिलापी आहे की रोहू, तेही सांगतात. मोहोळचे पाहुणे एकदा पैज लावायला आले आणि जाताना पाया पडून गेले. हा माणूस आमच्या खात्यातला, हे मी छाती फुगवून सांगतो.

पण फाइंडरचं निघालं की मामा चहा अर्धाच टाकून उठायचे. एकदा म्हणाले, "हातमाग गेला तवाबी असंच मशीन आलतं. आता धक्क्यावरबी मला कोन इचारनार?"

मला फार वाईट वाटलं.

*

मग दुकानदाराने धक्क्यासाठीचा पीस दिला, चेंडूएवढा. दोरीला बांधून लांब फेकायचा. तो तरंगतो आणि खालचं सगळं मोबाईलवर दाखवतो. दोरी अपुरी होती म्हणून दुसरी जोडायची ठरली. मामा म्हणाले, विणकराची गाठ मारतो. मी म्हणालो, राहू द्या, मी व्हिडिओ बघून शिकलोय.

पहिल्याच फेकीत माझी गाठ सुटली! चेंडू निघाला वाऱ्याबरोबर. पीस दुकानदाराचा, आणि आम्हा तिघांत पोहता एकालाही येत नाही. मोबाईलवर पाण्याची खोली मात्र इमानदारीत वाढत होती.

मामा उठले. चेंडूमागे सुटलेली दोरी तरंगत होती, तिच्या पलीकडे त्यांनी गळ टाकला. बोट दोरीवर, डोळे मिटलेले. दोनदा गळ रिकामा आला. तिसऱ्यांदा म्हणाले, "लागलं." हळूहळू चेंडू ओढून आणला, पंच्याने पुसला आणि माझ्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पीस परत केले. दुकानदाराने विचारलं, मग फाइंडर कुठला ठरला?

इराण्णा म्हणाला, "तुमचा फाइंडर ज्यानं हुडकून दिला, त्यो."